सगळ्यांच्या नाकाला हात, माझंच राहिलं

सन्माननीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरची थोर मंडळी, समोर बसलेले सगेसोयरे आणि जिला तुम्ही हार घातलात ती माझी रिकामी खुर्ची, सर्वांना नमस्कार.

आधी एक विचारते. घरातून निघताना काही विसरल्यासारखं वाटलं का कुणाला? गॅस बंद केलात, पंखे बंद केलात, बाहेरचं कुलूपही ओढून पाहिलंत. आत मी होते. न्हाणीघरात कवळी घासत होते.

मला लिहितावाचता येत नाही. म्हणून शेजारच्या टायपिस्टबाई खिडकीशी उभ्या राहून हे उतरवून घेताहेत, आणि त्याच तिथे येऊन वाचतील. तुम्ही त्यांच्या यजमानांना बोलावलंत आणि त्यांना विसरलात, तेही या निमित्ताने भरून निघालं. यजमानांनी सभागृहातून कुजबुजत फोन केला, “अगं, शेजारच्या आजी गेल्या. थोरला माइकवर रडतोय, आम्ही स्तब्ध उभे आहोत, ठेवतो.” बाई डोळे पुसत धावत आल्या, तर मी खिडकीत.

“आजी, तुम्ही गेलात ना?”

म्हटलं, “जाणारच होते, गाडीत जागा उरली नाही.”

मला श्रद्धांजली वाहिली म्हणून अध्यक्षांना मी बोल लावत नाही. खुर्ची रिकामी, हार तयार, मुलगा हुंदके देतोय. कोणताही भला माणूस उठून उभाच राहील. पण थोरल्या, तुला तोंड उघडून ‘आई घरी आहे’ म्हणवलं नाही? मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे मीच शिकवलं म्हणा. नको तिथे बरं लक्षात ठेवलंस.

पाहुण्यांसाठी सांगते, आजचा निरोप मला नव्हता, माझ्या कारभाराला होता. किल्ल्यांचा जुडगा थोरल्या सुनेच्या हाती देऊन मी मोकळी व्हायची. आता तिथे कुजबुज चालली असेल, पहिल्याच दिवशी सासूला कोंडणारीच्या हाती घर द्यायचं का? माझी लेक तर म्हणालीच असेल, “वहिनीला झेपायचं नाही, किल्ल्या मी ठेवते.”

निकाल मी देते. पण आधी नाकाची गोष्ट.

थोरला लहान असताना आम्ही एका लग्नाहून परतलो. सासूबाईंनी दारात मुलं मोजली, बरोबर भरली. अंघोळी झाल्या, जेवणं झाली, आणि झोपताना एक पोरगं म्हणालं, “माझी आई कुठाय?” कुणाचं कोण जाणे. आमचा थोरला तिकडे कार्यालयात गाद्यांच्या ढिगात घोरत होता. तेव्हापासून मी डोकी मोजणं सोडलं. मागून सगळी सारखीच दिसतात. बाहेर पडताना मी दारात उभी राहते आणि एकेकाच्या नाकाला हात लावते. जावयांच्या लावला, व्याह्यांच्या लावला, एकदा चौकशीला आलेल्या पोलिसाच्याही लावला. कुणी मागे राहिलं नाही.

आज ते काम सुनेकडे होतं. तिने सगळ्यांच्या नाकाला हात लावला, फोटोवाल्याच्यासुद्धा. माझी पाळी आली. मी नाक पुढे करून उभी, आणि ही मागे सरली. “अहो आई, तुमच्या नाकाला हात? मला नाही व्हायचं ते.” असं म्हणून तिने वाकून नमस्कार केला.

नमस्कार मोजणीत धरत नाहीत. मी आत कवळी घासायला गेले आणि गाडीत माझ्या जागेवर फोटोवाला बसला.

म्हणजे चूक झाली ती मान दिल्यामुळे. मान काय, खुर्चीलाही देता येतो; आज दिलातच.

तेव्हा किल्ल्या सुनेलाच. लेकी, तू गप्प बैस. तू दुसऱ्या गाडीत होतीस, तुलाही आई आठवली नाही. सुने, जुडगा माझ्या कमरेला आहे, बाहेरच्या कुलपाची किल्ली तेवढी तुझ्याकडे. येऊन कुलूप काढ, आधी माझं नाक धर, मग जुडगा घे. त्याशिवाय सोडायची नाही.

स्तब्ध उभे राहिलात त्यांचे आभार. ती दोन मिनिटं मी आगाऊ जमा धरते, पुढे पुन्हा पाय दुखवू नका. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर पोटात घाला.

पोटावरून आठवलं. भात मऊ पाठवा, भाजी बेताची तिखट, गोड मात्र हात सैल सोडून. ताट सुनेच्याच हाती द्या, आणि दोघींपुरतं द्या. सकाळपासून ती सगळ्यांना वाढतेय. तू जेवलीस का, असं तिला तुमच्यापैकी कुणी विचारलं नसणार.