बोटातली धुमाळी

त्रिवेणी : ...गेली गोळी परत खाली! मामा, तुम्ही सांगता तस्संच करतेय ना मी?

शिवराज : करतेयस. म्हणूनच काळजी वाटतेय. रिव्हॉल्व्हर खाली ठेव, माउली. दमानं घे.

त्रिवेणी : दमानं कसं घेऊ? अकराला नेमबाजीची परीक्षा. आज तिसऱ्यांदा नापास झाले, तर ही सब-इन्स्पेक्टर जन्मभर आबिड्सच्या ऑफिसात फायली बांधत बसणार. मोठ्या साहेबांनी साफ सांगितलंय.

शिवराज : तीस वर्षं पोलिसांना हेच शिकवलं मी. सख्ख्या भाचीला जमेना, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. दे इकडे. तोंड फिरव.

त्रिवेणी : काइकू?

शिवराज : सहा घरांत काही गोळ्या भरतो, काही नुसत्या वापरलेल्या पुंगळ्या. कुठं काय, ते तुला कळायला नको. हं, धर. अंगठ्यानं घोडा ओढायचा नाही. ट्रिगरच दाबायचा, घोडा आपसूक उठेल.

त्रिवेणी : हौ मामा, ठाऊक आहे. ट्रिगर पहिल्या पेरावर, सरळ मागं, अध्येमध्ये थांबायचं नाही. बार झाला की पुरता पुढं येऊ द्यायचा. नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर. तोंडपाठ आहे!

शिवराज : मग दाब.

(एक बार. पाठोपाठ नुसतंच 'टक्'.)

त्रिवेणी : अय्यो.

शिवराज : बघितलंस? गोळी नाही, धक्का नाही, तरी नळी खाली वाकली. हत्याराचा काही दोष नाही. तूच ढकललीस. आणि ओठ का हलत होते गं?

त्रिवेणी : कुठं?

शिवराज : डोळे चाळिशीचे झाले तरी ओठ दिसतात मला.

त्रिवेणी : चाळिशीचे? साठी उलटली की! ...मोजत होते, झालं?

शिवराज : काय मोजत होतीस?

त्रिवेणी : हसू नका. धुमाळी. आठ मात्रा. ट्रिगर इतका लांब ओढायचा तर मध्येच अडखळते, म्हणून पहिल्या मात्रेला सुरू करते आणि पुढच्या समेवर बार.

शिवराज : पांडुरंगा!

त्रिवेणी : हसू नका म्हटलं ना.

शिवराज : हसत नाही गं. गौलीगुड्याच्या कीर्तनात सहा वर्षांची होतीस, तेव्हा झांज मीच दिली तुझ्या हातात. चुकलीस की मांडीवर चापट मारून सम दाखवायचो. ती सम बसली बोटात. आता बार कधी होणार ते हाताला आधीच कळतं, आणि तो आधीच आवळतो.

त्रिवेणी : मग आता ऐनवेळी काय करू? ताल कसा काढू हातातून?

शिवराज : काढू नकोस. बुवा पहिला आलाप घेतात, तेव्हा झांज कुठं असते तुझी?

त्रिवेणी : मांडीवर. वाजवायची नसते ना तेव्हा.

शिवराज : मग काय करतेस?

त्रिवेणी : काय करणार? ऐकते. कुठवर नेतात ते बघते.

शिवराज : तसंच बघ. माशीकडे बघ, बोट मागं येत राहू दे. बार कुठं सुटेल, त्याची चौकशी तू करायची नाही.

त्रिवेणी : आणि सुटलाच नाही तर?

शिवराज : सुटतो. आजवर एकही अडकून बसलेला पाहिला नाही मी. चल, राहिलेले चार.

(टक्. बार. टक्. बार.)

त्रिवेणी : मामा! शेवटच्याला मी दचकले.

शिवराज : आणि नळी?

त्रिवेणी : ...बघितलीच नाही. माशी बघत होते.

शिवराज : मी बघितली. रिकाम्या घरालासुद्धा जागची हलली नाही.

त्रिवेणी : खरंच? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?

शिवराज : कीर्तनाला बसणारा माणूस आहे मी, खोटं कशाला बोलू? ...ते बघ, परीक्षा घेणारे अप्पाराव यादी घेऊन निघाले. तुझंच नाव असेल.

त्रिवेणी : तुम्ही येता ना आत?

शिवराज : नको. बाहेर बाकावर बसतो.

त्रिवेणी : तिथून बार ऐकू येतील. मोजत बसाल तुम्ही.

शिवराज : नाही मोजणार. हात मांडीखाली घालून बसतो.