हिरव्यात दही

(दुपार. सासू स्टुलावर बसून पुदिना खुडते आहे. सून ओट्याशी, मिक्सरजवळ उभी.)

सासू: देठं टाकू नकोस म्हटलं ना! पुदिन्याची कडू लागतात. कोथिंबिरीची चालतील, कोवळी आहेत.

सून: बरं, आई.

सासू: बरं आई, बरं आई! आल्यापासून तेवढंच चाललंय. जीभ कुठे ठेवून आलीस?

सून: काही नाही हो. दुकानात फार गर्दी होती. शाळा सुरू झाल्या की सगळ्यांना मुलांचे चष्मे आठवतात.

सासू: हं. बर्फाचे खडे टाक आत. मिक्सर तापला की हिरवं काळं पडतं. आणि लिंबू सगळ्यात शेवटी. आज त्याचा वाढदिवस, आज तरी नीट होऊ दे.

सून: तो चटणी म्हणायचाच नाही ना कधी?

सासू: लहानपणी "हिरवं दे" म्हणायचा. मिशा फुटल्या, लग्न झालं, तरी हिरवंच. पावाला लाव, भाताला लाव, बटाट्याला लाव. बाकीच्या पोरांसारखं लोणी नाही, चीज नाही, मग बिचारा करणार काय?

सून: फिरवते हं... झालं. जरा तिखट वाटतंय. चमचाभर दही घालू?

सासू: काय घालू?

सून: काजू. भिजवलेले काजू म्हणत होते मी.

सासू: काजू मघाशीच घातलेस. तू दही म्हणालीस.

सून: चुकून गेलं तोंडातून.

सासू: या घरात? दह्याचा थेंब ओठाला लागला तरी ज्याचा श्वास अडकायचा, त्याच्या हिरव्यात? अगं, लोण्याचा चमचा त्याच्या ताटाला लावला म्हणून त्या हॉटेलवाल्याशी कडाकडा भांडणारी तू. हाताला सवय लागल्याशिवाय असलं तोंडातून जात नाही. कुणासाठी करतेस?

सून: आई...

सासू: मिठाची गुळणी धरून उभी राहू नकोस. म्हातारी झालेय, खुळी नाही. कोण आहे?

सून: दुकानात नंबर तपासतात ना, ते.

सासू: तो उंच? माझ्या चष्म्याची दांडी बसवून दिली, तो? मला आजी म्हणाला होता मेला!

सून: तेव्हा त्यांना माहीत नव्हतं, तुम्ही माझ्या कोण ते.

सासू: आणि आता?

सून: आता आहे. लग्नाचं विचारलंय त्यांनी. पण आधी आईंना सांग म्हणाले. दर रविवारी ठरवून येते आणि तशीच परत जाते.

सासू: म्हणून आजचा मुहूर्त काढलास?

सून: नाही हो! आज तर बोलणारच नव्हते. आज फक्त त्याचं हिरवं करायचं होतं.

सासू: बंद कर तो मिक्सर. डोकं उठलं माझं.

सून: बंदच आहे, आई.

सासू: उभा जन्म दुधाशी वैर धरलं गं मी. डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून डोळे गेले. कुणाकडे जेवायला गेलं की आधी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकवायची, बायका हसायच्या. घरात दुधाचा थेंब येऊ दिला नाही. आणि नेला कुणी? रस्त्यावरच्या एका ट्रकने.

सून: पाणी देऊ?

सासू: नको. मला राग येतोय तुझा. यायला नको, कळतंय मला. तरी येतोय.

सून: येऊ द्या. मलाही येतो. त्यांच्याकडे पहिल्यांदा दह्याला हात लावला ना, तर साबणाने घासघासून धुतला नंतर. आणि परवा... परवा नुसतं घातलं मी, आई. ढवळलं, चाखलं. मग एकदम लक्षात आलं, की आपल्याला त्याची आठवणच आली नाही.

सासू: रडू नकोस. मीठ घालून झालंय त्यात.

सून: तुम्हीही रडताय.

सासू: मी लांब बसलेय. ...नीट वागवतो का तुला?

सून: हो.

सासू: हिरवं खातो?

सून: खातात. पण दही घालून.

सासू: मग घालत जा. आपल्या घरी आपल्या पद्धतीने करावं.

सून: मी रविवारी येत जाईन ना, आई? येऊ ना?

सासू: न यायला काय झालं? ये. त्याला मात्र इतक्यात आणू नकोस. मला थोडे दिवस दे.

सून: बरं, आई.

सासू: आणि इथे ओट्याशी येण्याआधी हात धुवायचे.

सून: आजही धुतले होते.

सासू: पाहिलं मी. दोनदा धुतलेस. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

सून: तुम्ही अजून बिनदुधाचाच चहा पिता. तो गेल्यावरसुद्धा. आणि माझी सवय इतक्या सहज मोडली. मला त्याचीच लाज वाटते, आई. बाकी कशाची नाही.

सासू: मोडू दे. माझी आहे अजून. पीळ आता लिंबू.