सप्रेम भेट नेमकी कोणाकडून?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आपले विक्री विभागाचे साहेब, सभासद बंधुभगिनींनो, आणि तिसऱ्या रांगेत बसलेले माझे आई, दादा, वहिनी,

साहेबांबद्दल बोलण्याआधी मला माझी एक चूक दुरुस्त करायची आहे. गेल्या महिन्यात सभासद मेळाव्यात मी, क्लबच्या कार्यालयातली कर्मचारी म्हणून, याच माइकवरून सांगितलं होतं, की नाश्ता, पॅडलबोट आणि मालिश ही आपल्या हॉलिडे क्लबची सभासदांना सप्रेम भेट आहे. ते चुकीचं होतं. नंतर मी वार्षिक देखभाल वर्गणीचा तक्ता पुन्हा वाचला. सतराव्या पानावर तिन्ही गोष्टींचा खर्च आहे. म्हणजे भेट तुमचीच, तुम्हालाच. आम्ही फक्त रिबन बांधतो. रिबनही सतराव्या पानावर आहे.

कृपया हातातली बिस्किटं खाली ठेवू नका. त्यांचेही पैसे तुम्ही आधीच भरलेत.

आता साहेब. साहेबांइतका उदार माणूस मी पाहिला नाही. पाच वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या घराला क्लबच्या रिसॉर्टमधला वर्षातला एक आठवडा विकला आणि वर एक सुटकेस दिली. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. त्यामुळे प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो, अगदी औषधाच्या बाटलीवरचाही. सुटकेससोबत आलेलं माहितीपत्रकही मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं मध्येच विचारलं, "एवढं फुकट आहे, तर घरीच का नाही पाठवत?" आम्ही सगळे हसलो. मीही हसले, याची मला आजही लाज वाटते.

पहिल्याच सुट्टीत दादानं सगळं वसूल करायचं ठरवलं. दिवसातून चार वेळा पॅडलबोट! तिसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवेना, म्हणून मालिश घ्यावी लागली. तीही फुकट म्हणून स्वारी खूश.

मेळाव्यात माझ्या त्या वाक्याला सर्वांत जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या. आणि गेल्या रविवारी, आठ तारखेला, तो सोनेरी सभासदत्वावर सही करून आला. साहेबांची ती शेवटची विक्री.

"अरे, कागद मला का नाही दाखवलास?"

"कशाला? तूच तर माइकवर सांगितलंस!"

त्यानं भरलेली रक्कम वहिनीनं शिवणकामाच्या दुकानाच्या अनामतीसाठी साठवली होती. सोनेरीत मालिश दुप्पट मिळते. वर्गणी तिप्पट.

साहेब, तुम्ही आत्ता "अगं पोरी, आज तरी!" असं पुटपुटलात, ते माइकनं ऐकलंय. पण तुमचा एक मोठेपणा सांगायलाच हवा. मी एकदा विचारलं होतं, "साहेब, तुम्ही स्वतः किती आठवडे घेतलेत?" तुम्ही म्हणालात, "छे! मला सुट्टीत घरी झोपायला आवडतं." एवढं खरं या कार्यालयात मला दुसरं कोणी सांगितलेलं नाही.

सही दहा दिवसांत लेखी अर्ज देऊन मागे घेता येते. अर्ज मी लिहिलाय, तीनदा तपासलाय, दादानं सही केलीय. मुदत बुधवारपर्यंत आहे, पण शेवटच्या दिवसावर काही ठेवलं तर मला जेवण जात नाही.

तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. साहेबांना निवांत झोपेच्या शुभेच्छा. निरोपाच्या कार्यक्रमात जास्त बोलले असेन तर पोटात घाला, आणि कुठे आकडा चुकला असेल तर लगेच सांगा, कारण दादाला घेऊन मी क्लबच्या अर्ज घेण्याच्या खिडकीपाशी उभी राहणार आहे ती परवा, सोमवारी, सोळा तारखेला, सकाळी साडेनऊला.