बाबांची बटणं

दवाखान्यात बसलेल्या शिंप्याची दाढ ठणकत होती, कान मात्र ठणठणीत होते. शेजारी बहीण धाकट्या भावाची उलटतपासणी घेत होती.

“बाबा परत फिरायला जातात? हात थरथरतात, बटणं लागत नाहीत, म्हणून तर घर धरून बसले होते!”

“आम्हाला लावूही देत नव्हते, ताई.”

“मग?”

“हिनं पर्स मिटली, टक्कन. चुंबकाची आहे ना! तिथंच सुचलं. सदऱ्यावर बटणं नुसती शोभेची, आतून चुंबक.”

“तुला सुचलं? तुला स्वतःच्या चपला सापडत नाहीत!”

“तेव्हा त्याच शोधत होतो.”

“बाबा काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘बघ, लागतात की मला बटणं! उगाच गहजब केलात.’”

“आणि तू?”

“म्हटलं, चुकलंच आमचं.”