चौथा कॅनॉल

लग्नानंतर सासरी मी काय शिकते, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दातांचा दवाखाना सांभाळून रूट कॅनॉलचा कोर्स, क्लास रविवारी ऑनलाइन. त्या रविवारी एका दाढेची केस दाखवायची होती. सरांनी ती नाकारली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

मी म्हणाले, “सर, तीन कॅनॉल साफ झाले. चौथा बुजलाय, सापडतच नाही.”

सरांनी एक्स-रे मोठा करून पाहिला.

तेवढ्यात चार्जर शोधत सासरे आत आले. त्यांची लासलगावला शेती. “सूनबाई, त्यात काय एवढं? जेसीबी लाव! आमचा कॅनॉल असाच मोकळा केला.”

माईक चालू होता. क्लासमधल्या एकेकाने घाईघाईने आपापला कॅमेरा बंद केला.

सर शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, केस पुढच्या रविवारी परत दाखवा. सासरे बरोबर सांगतायत, खोदायलाच हवं. हत्यार तेवढं बारीक घ्या.”