तिसऱ्या फाटकापर्यंत

—नाही हो, ती बॅग मागे ऐरणीपाशीच राहू दे, त्यात फुटण्यासारखं काही नाही, लंगोट आणि झबली आहेत नुसती. ही पिशवी मी मांडीवर घेते — म्हणजे मांडी जिथे असायला हवी तिथे — आणि मुंगीला मध्ये बसवते. ती गिअरच्या दांडीला हात लावेल. लावला की म्हणायचं 'गरम आहे', लगेच सोडते. बाकी हातात आलेलं काही सोडत नाही, म्हणून तर मुंगी. चला. बसले मी. बसले म्हणजे काय, मावले.

ऐरण बघूनच हात केला मी तुम्हाला. बसनं फाट्यावर सोडलं, दादाला फोन केला तर म्हणाला, जीप चालू होत नाहीये, अर्ध्या तासात येतो. आता दादाचा अर्धा तास मला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यात माणूस म्हातारा होतो. तर मी तिथे दगडावर बसलेय, मुंगी धुळीत बसलीये, आणि तेवढ्यात तुमची गाडी — मागे ऐरण, नालांचा ढीग, कानशी — म्हटलं या रस्त्यानं ऐरण घेऊन कुणी सहलीला तर निघालेलं नाही, आमच्याच पागेत चाललेत. तुम्ही ते नवे नालबंद ना? दादा सांगत होता, दर सहा आठवड्यांनी येतात, एक शब्द बोलत नाहीत, पण सगळ्यात खट्याळ घोडीसुद्धा त्यांच्यापुढे शहाण्यासारखी उभी राहते. मी त्याची धाकटी बहीण. मला नाल ठोकायचे नाहीत, तुम्ही बिनधास्त राहा.

सातवा. पुढच्या आठवड्यात सात पुरे. सगळे आधी तेच विचारतात — तुम्ही विचारलं नाहीत, पण बघितलंत. आगगाडीत तर काय विचारता, नऊ तासांचा प्रवास, समोर एक शिक्षिका, एक तिचा नवरा आणि एक घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. शिक्षिकाबाई म्हणाल्या मुलगी, नवरा म्हणाला मुलगा, आजोबा म्हणाले आधी वेळेवर तर येऊ दे. आणि मग मुंगी उठली, सीटवर उभी राहिली आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आईच्या पोटात घोडा आहे." चूक माझीच. मी तिला महिनाभर सांगतेय, पोटात बाळ आहे आणि आपण घोडा बघायला जाणार आहोत, तिनं दोन्ही एकत्र करून टाकलं, अडीच वर्षांच्या डोक्यात किती खोल्या असणार. आजोबा हसून हसून रडायला लागले. तिकीट तपासनीस आला, त्यालाही तिनं तेच सांगितलं. तो बिचारा गंभीरपणे म्हणाला, जनावरांचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ताई.

मग मुंगीचा एक बूट खिडकीतून गेला. उजवा. आता डावा का ठेवलाय मी, विचारू नका — पिशवीत आहे. वाटतं, कुणीतरी रुळांवरून चालत येईल आणि म्हणेल, बाई, हा तुमचा का. मी कामच तसलं करते ना, हरवलेल्या पार्सलांचं. दिवसभर कानाला फोन — हो साहेब, आपलं पार्सल निघालंय, हो बाई, आपलं पार्सल सुखरूप आहे. सुखरूप आहे की नाही मला कुठे माहीत असतं. पण आवाज असा ठेवायचा की समोरच्याला वाटलं पाहिजे, मी पार्सल मांडीवर घेऊनच बसलेय. हसू नका. म्हणजे हसा, मला वाटलं तुम्हाला येतच नाही.

थांबा, पहिलं फाटक. नाही, मी उघडणार. या रस्त्यावर तीन फाटकं आहेत आणि बाजूला बसेल त्यानं उतरून उघडायचं, आमच्याकडचा नियमच आहे, सातवा महिना असो नाहीतर सत्तरावं वर्ष.

—उघडलं. बिजागरी अजून तशीच कुरकुरते. मुंगी बघितलीत, गाजर कुठून मिळालं तिला? तुमच्या पिशवीतलं? ते घोड्यांसाठी असेल ना. असू दे, पोटात घोडा असणाऱ्यांच्या घरातलीच आहे ती.

किती हिरवं झालंय. हे कुरण पूर्वी असं नव्हतं, नुसते दगड. बाबांनी एकेक दगड उचलून ते तिकडचं कुंपण रचलं. आणि ती बघा, ती तांबडी, कपाळावर टिकली असलेली — तिच्या आईवर मी बसायला शिकले. शिकले म्हणजे पडायला शिकले. बाबा लगाम धरून उभे, मी खाली चिखलात, आणि ते म्हणणार काय, तर — "घोडीला लागलं नाही ना?" तसे आहेत आमचे बाबा. घोड्यांशी तासन्‌तास बोलतील. आमच्याशी बोलायचं तर शब्द मोजून. म्हणून तर परवा मी फोन केला आणि त्यांनी उचलला तेव्हा मी गडबडलेच, ते कधी उचलत नाहीत. म्हटलं, "बाबा, मी येतेय." म्हणाले, "ये." म्हटलं, "मुंगीला घेऊन." म्हणाले, "मग काय पोस्टानं पाठवणार होतीस?" आणि ठेवला. मी स्वयंपाकघरात फोन हातात धरून नाचले हो. या पोटासकट. खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकलं.

दहा दिवस. नवरा पूल बांधतो, लांब, आता पाच महिने तिकडेच, म्हटलं घरात बसून काय करू, दहा दिवस जाऊन येऊ. आईला तसंच सांगितलंय, दहा दिवस.

काय बघताय? बॅगेकडे? हां — ती जड आहे थोडी. खोगीरभरतीच आहे सगळी. झबली आहेत, थंडीचे कपडे आहेत, दवाखान्याची फाइल आहे — फाइल बरोबर असावी — आणि मच्छरदाणी, आणि मुंगीची बाबागाडी घडी करून... आता दहा दिवसांना थंडीचे कपडे कशाला, असंच ना? तुम्ही न बोलता फार बोलता हो. बरं, ऑफिसात मी सहा महिन्यांची रजा टाकून आलेय. नवऱ्याला ठाऊक आहे, तो म्हणाला तुला बरं वाटेल तसं कर. इथे मात्र सांगितलं नाही. सहा महिने म्हटलं की 'का' येतं. दहा दिवसांना कुणी 'का' विचारत नाही.

दुसरं फाटक. या वेळी तुम्हीच उतरा, चिमुरडी झोपली माझ्या अंगावर. गाजर तसंच हातात. बघा, सोडत नाही.

तर दादा काय म्हणाला, ऐका — मी येतेय म्हटल्यावर बाबांनी खोगीरखोली रिकामी केली. पागेला लागून, खालची, ऊन येणारी. चाळीस वर्षांची खोगिरं, लगाम, सगळं काढून स्वतःच्या झोपायच्या खोलीत नेऊन टाकलं, आता आईला रात्री कूस बदलायची तर रिकिबीत पाय अडकतो म्हणे. आणि चुना मारला. स्वतः. वहिनी म्हणाली, मामंजी, वरची खोली तयारच आहे की. तर म्हणाले, तिला जिना नको. गरोदर बाईला जिना नको. तिला जिना नको म्हणाले, बघा. जिना म्हणजे मला —

काही नाही.

नाही, काही नाही, हसू आलं. जिन्यावर मी तर — आमच्या इमारतीला चार मजले आहेत, लिफ्ट नाही, आम्ही चौथ्यावर. मुंगी झाली तेव्हा इथे यायचं ठरलेलं. पण नेमकी त्या वर्षी घोड्यांच्या घशाची साथ आली. तेव्हा तुम्ही नव्हता. अकरा घोडी आजारी, बाहेरचं कुणी आत नाही, आतलं कुणी बाहेर नाही. बाबांनी फोन केला. म्हणाले, "येऊ नकोस. आईलाही निघता येणार नाही." मी म्हटलं, "बाबा, अजिबात काळजी करू नका, मी बघते सगळं." हाच आवाज. पार्सल सुखरूप आहे. नवऱ्याला चार दिवसांची रजा मिळाली, तो गेला. आणि मी आईशी दर रविवारी फोनवर बोलायचे, तासभर, मस्त चाललंय, अशी हसते, तशी झोपते, आई म्हणायची, तू बोलत असलीस ना की मला निश्चिंत वाटतं. मी बोलत असले की सगळ्यांनाच निश्चिंत वाटतं हो. मग मी बोलतच राहते.

मुंगी दीड महिन्याची होती. दुपार होती. सकाळपासून रडत होती ती, आणि मला — मला राग नव्हता आला, लोकांना वाटेल राग, तसं नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. भिंत बघतो तसं मी तिच्याकडे बघत होते. मी तिला पाळण्यात ठेवलं, पांघरूण घातलं, दार ओढून घेतलं आणि दोन मजले उतरून जिन्यात बसले. तिथूनही ऐकू येत होतं. मग ऐकू यायचं थांबलं. आणि थांबल्यावर कुठलीही आई उठून पळत वर जाईल ना? मी नाही गेले. बसून राहिले. मला उठायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची तेच समजेना, आधी हात की आधी पाय. जिना पुसणारी बाई आली. म्हणाली, "पाय उचला." मी उचलले. तिनं पायरी पुसली आणि ओल्या फडक्यानं हात पुसत म्हणाली, "चला, वरच्या पुसायच्या आहेत." तिच्या मागोमाग, एकेक पायरी, ती पुसेल तशी मी वर. चौथ्यापर्यंत. सव्वा तास झाला होता. मुंगी झोपली होती. मूठ तोंडात.

एवढंच. काही झालं नाही. पण त्यानंतर कितीतरी महिने ते न वाटणं गेलं नाही, आणि मग एक दिवस हळूच गेलं, कुठे गेलं मला ठाऊक नाही. आता परत येईल का — म्हणून हे सगळं. म्हणून झबली. मला माणसं हवीत आजूबाजूला. कुणीतरी पाय उचला म्हणणारं. आणि हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, डॉक्टरला नाही, आईला तर नाहीच, आणि तुमचं मला नावसुद्धा माहीत नाही. गाडी का थांबवलीत? मी रडत नाहीये. हे फाटकाच्या धुळीनं.

काय? कुणाला सांगू? आईला? ती आधी स्वतःलाच दोष देईल आणि मग मला तिची समजूत काढत बसावं लागेल. वहिनीला? — बाबांना? बाबांना काय सांगणार, ते म्हणतील घोडीला लागलं नाही ना —

कोण बोलतं माझ्याबद्दल?

बाबा? तुमच्याशी? कधी?

म्हणजे तुम्ही खाली वाकून खूर धरलेला, ते वर लगाम धरून, आणि ते बोलतात. आमचे बाबा. खरंच? ... हां, तसं असेल, समोरच्याचं तोंड दिसत नसलं की जमत असेल. काय म्हणाले?

पुन्हा सांगा. तसंच सांगा, त्यांचे शब्द.

"घोड्यांपायी पोरीला येऊ नको म्हटलं. ती हसत होती फोनवर. ते हसणं काही बरं नव्हतं."

दर खेपेला?

...

चला. चालवा तुम्ही. नाही, मी ठीक आहे. नाकाला फडकं आहे का काही? हे कसलं, याला घोड्याचा वास येतो. असू दे. छान वास आहे.

अडीच वर्षं. त्यांना ऐकू आलं होतं, बघा. आईला नाही, दादाला नाही, घोड्यांशी बोलणाऱ्या माणसाला ऐकू आलं. आणि मी मूर्ख, पार्सल सुखरूप आहे, पार्सल सुखरूप आहे. मला हसू येतंय हो, थांबतच नाहीये, आणि हे आत लाथा मारतंय — हा घोडाच निघणार बहुतेक, मुंगीचं खरं होणार.

ते तिसरं फाटक. तुम्ही उतरू नका, मी — थांबा. तिथे कुणीतरी उभं आहे. टोपी घातलेलं. एवढ्या उन्हात.

बाबा आहेत. किती वाकलेत. घरापासून इथवर चालत आले, गुडघे दुखतात त्यांचे. आणि फाटक उघडायलाही लागले. बाजूला बसेल त्यानं उघडायचं, बाबा, तुम्ही काय — ऐकू जात नाही त्यांना.

गाडी इथेच उभी करा. नाही, आत नको, इथेच. मुंगीला मी घेते, झोपेतच येते ती, माकडीण आहे. बॅग तुम्ही पागेपाशी उतरवा. दादा भेटला तर म्हणा, जीप राहू दे. आई विचारेल कुठे आहेत दोघं, तिला म्हणा, येतायत चालत.

नाही, लांब नाही मला. हळूहळू येऊ. मला त्यांच्याशी बोलायचंय आणि घरात गेल्यावर जमणार नाही, तिथे सगळे असतील आणि मी पुन्हा हसायला लागेन.

तुम्ही व्हा पुढे, काका. तुमचं दोन्हीकडचं ऐकून झालंय.