फळीखालची वायर

जबाब देणार : नाव सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे, वय ५८ वर्षे, धंदा मोटार ड्रायव्हिंग शिकवणे, राहणार ड्रायव्हिंग स्कूलच्या वरचा मजला.

मी आज रोजी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, मला कोणी पकडून आणलेले नाही. माझी गाडी मीच चालवत आले. सोबत माझा थोरला भाऊ आहे. तो बाहेर बाकावर बसला आहे.

मी, माझा भाऊ आणि तक्रारदार असा आमचा तिघांचा बँड होता. आम्ही लोकगीते गिटार आणि ड्रमवर वाजवायचो. तक्रारदार गायचा, मी ड्रमवर, भाऊ बेस गिटारवर. तक्रारदाराला आम्ही 'सरकार' म्हणतो. साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, त्याचा शासनाशी काही संबंध नाही. तो पहिल्यापासून हुकूम सोडतो, म्हणून ते नाव पडले. बावीस वर्षांपूर्वी बँड बंद पडला. काल संध्याकाळी पाच वाजता नाट्यगृहात आम्ही पुन्हा एकत्र वाजवले.

माझा भाऊ, म्हणजे दादा, सुतारकाम करतो. त्याचे कान हळूहळू गेले. गेली नऊ वर्षे त्याला काहीही ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून तो सगळे समजून घेतो. वाजवणे मात्र त्याने सोडले नाही. त्याने स्वतः एक लांब फळी तयार केली आहे. तिचे एक टोक माझ्या ड्रमखाली असते, दुसऱ्यावर तो अनवाणी उभा राहतो. माझा ठोका त्याला तळपायाला कळतो. स्वतःचा बेस त्याला गिटारच्या लाकडातून पोटाला कळतो, मग वायर जोडलेली असो वा नसो. हे सरकारला चांगले माहीत होते.

फळी स्टेजवर वाईट दिसते, असे सरकारचे म्हणणे होते. त्यावरून आमची तू-तू मैं-मैं झाली. मग तो एकदम म्हणाला, "बरं बाई, ठेवा तुमची फळी." तो इतक्या लवकर कधीच ऐकत नाही. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते. नंतर त्याने मला कानात घालायला एक यंत्र दिले. त्यात टिक टिक वाजत होते. लाइटवाल्यांना ताल सापडावा म्हणून, असे त्याने सांगितले. मी ते घातले.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. बेस अगदी सरळ चालला होता. मला वाटले, दादाने सराव केला आहे. मला अभिमान वाटला. आमच्या शेवटच्या गाण्यात आठ फेऱ्या ड्रम गप्प असतात आणि बेस एकटा वाजतो. तेव्हा मी टाचेने फळीवर ठोका देत राहते. तो लोकांना ऐकू जात नाही, फक्त दादाला पोचतो. कालही दिला.

सहाव्या फेरीला दादाने घाम पुसायला हात उचलला. बेस वाजतच राहिला.

मी फळीखाली पाहिले. दादाच्या गिटारची वायर तिथेच संपत होती. तिच्या पिनेला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, नीट, वेळ काढून. बेस पडद्यामागे ठेवलेल्या एका लॅपटॉपमधून येत होता, आधीच रेकॉर्ड केलेला. म्हणजे कानातली टिकटिक त्या लॅपटॉपची, आणि ती माझ्याच टाचेतून दादाच्या पायात जात होती. तीस वर्षे मी शिकाऊ माणसाशेजारी दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसते, आणि गाडी कोण चालवतंय ते मलाच कळले नाही. याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

हात उचललेला दिसताच सरकार दादाच्या पुढे येऊन उभा राहिला. माइकवर म्हणाला, "आमचा हा दोस्त ठार बहिरा आहे! एक सूर ऐकू येत नाही त्याला! आणि बघा कसा वाजवतोय!" लोक उभे राहिले. दादाला टाळ्या दिसल्या. त्याने हात जोडले. तो रडत होता. दादाला रडताना मी याआधी एकदाच पाहिले आहे.

पडदा पडल्यावर मी ती पिन वायरीतून उपटून घेतली आणि विंगेत सरकारला दाखवली. तो म्हणाला, "अगं, त्याला कुठं काय कळलं? खूश आहे ना तो? मग तुझं काय जातंय?"

तेव्हा मी हातातली ड्रमची काठी त्याच्या तोंडावर मारली. तक्रारीत दोन दात लिहिले आहेत. मला एकच पडलेला दिसला. लिहून घेणाऱ्यांनी 'रागाच्या भरात' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मी पूर्ण शुद्धीत मारले. पश्चात्ताप आहे का, असे विचारले असता, नाही.

दादाने मारताना पाहिले, पिन पाहिली नाही. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो मोठ्याने बोलतो. सगळ्या विंगेसमोर तो म्हणाला, "बावीस वर्षांनी लोक माझ्यासाठी उभे राहिले गं. एक दिवस तुला माझं चांगलं बघवलं नाही?" मी पिन मुठीत लपवली. आज सकाळी गाडीतही ती त्याला दाखवली नाही.

सरकारने निरोप पाठवला आहे की, मी माफी मागितली तर तो तक्रार मागे घेईल. त्याला तोंडावर सांगायला माझ्याकडे पुष्कळ आहे. पण मी माफी मागेन. दादासमोर मागेन, सावकाश, त्याला ओठ नीट दिसतील असे. सरकारने त्यानंतर तोंड उघडायचे नाही, एवढी एकच अट आहे.

सदर पिन मी हजर करत आहे. ती पाकिटात बंद करावी. दादाने कारण विचारले तर जुनी भांडणे होती, असे सांगावे.

खोलीच्या दाराला काच आहे आणि दादाचा बाक समोरच आहे. म्हणून मी दाराकडे पाठ करून बोलले, आणि माझ्या विनंतीवरून हवालदारांनीही भिंतीकडे तोंड करून हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे.